निळ्यात पिवळा मिसळला, मग राखाडी कसा झाला?

वाचकांचे प्रश्न: या अंकात स्टाइलशीटमधील रंगमिश्रण

सोलापूर शहरातून व परिसरातून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी होती. सास किंवा लेस यांसारख्या प्रीप्रोसेसरमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणारी सीएसएस स्टाइलशीट तयार करून देणाऱ्या साधनांमध्ये, रंग एकमेकांत मिसळणारी फंक्शने असतात. ती वापरल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळाच रंग का मिळतो, असे बहुतेकांनी विचारले आहे. सास २००६ पासून आणि लेस २००९ पासून वापरात आहे. दोहोंनी रंगांचे गणित स्टाइलशीटमध्ये आणले, परंतु ‘मिसळणे’ या एका क्रियेमागे चार-पाच वेगवेगळी गणिते असू शकतात, ही गोष्ट शिकवणीत सहसा सांगितली जात नाही. निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. स्टाइलशीटमधील नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत.

प्रश्न: अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा चादरी व टॉवेलचा कौटुंबिक कारखाना आहे. त्याची वेबसाइट मी स्वतः तयार करत असून स्टाइलशीट सासमध्ये लिहितो. आमच्या बोधचिन्हात गडद निळा आणि हळदी पिवळा असे दोन रंग आहेत. त्यांच्या मिश्रणातून बटणासाठी हिरवा मिळेल म्हणून मी मिक्स हे फंक्शन वापरले, तर मातकट रंग हाती आला. मग शुद्ध निळा व शुद्ध पिवळा घेऊन पाहिला, तर चक्क राखाडी झाला. आमच्याकडे सूत रंगवणारे कारागीर निळ्यावर पिवळा चढवून हिरवा करतात. मग येथे बिघडते कुठे?

उत्तर: काहीही बिघडलेले नाही. आपले कारागीर आणि मिक्स हे फंक्शन दोन निरनिराळी कामे करतात. संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रमाणांचे त्रिकूट असते आणि प्रत्येक प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत मोजले जाते. मिक्स या तिन्ही आकड्यांची सरासरी काढते, त्यापलीकडे काहीही करत नाही. शुद्ध निळा म्हणजे (०, ०, २५५) आणि शुद्ध पिवळा म्हणजे (२५५, २५५, ०). दोहोंची सरासरी तिन्ही स्थानी १२७.५ येते आणि पूर्णांकात ती (१२८, १२८, १२८) होते. तिन्ही प्रकाश समान असले की रंग राखाडी दिसणारच. आपल्या बोधचिन्हातील रंग साधारण (२०, ६०, १४०) आणि (२४०, १९०, ३०) असे धरले, तर त्यांची सरासरी (१३०, १२५, ८५) येते. आपण ज्याला मातकट म्हणता, तो हाच रंग.

रंगाच्या कढईत वेगळी गोष्ट घडते. निळ्या रंगद्रव्याने प्रकाशाचा काही भाग शोषल्यानंतर जे उरते, त्यातून पिवळे द्रव्य आणखी काही भाग शोषून घेते. म्हणजे तेथे सरासरी होत नाही, प्रकाश एकामागून एक दोनदा गाळला जातो आणि तिचे गणित गुणाकाराच्या जवळ जाणारे आहे. लेसमध्ये यासाठी मल्टिप्लाय नावाचे स्वतंत्र फंक्शन आहे. ते दोन्ही रंगांतील एकाच स्थानचे आकडे गुणून २५५ ने भागते. आपल्या दोन रंगांना ते लावले, तर (१९, ४५, १६) असा रंग येतो. तो जवळजवळ काळा असला तरी निःसंशय हिरवा आहे, कारण तीन आकड्यांत मधला सर्वांत मोठा आहे.

मात्र शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांचा गुणाकार करून पाहिलात, तर उत्तर पूर्ण काळे मिळेल. पडद्यावरच्या शुद्ध निळ्यात हिरव्या प्रकाशाचा अंशही नसतो, त्यामुळे पिवळ्याने कितीही हिरवा जाऊ दिला तरी शून्याला गुणून शून्यच हाती येते. प्रत्यक्षातील निळी रंगद्रव्ये इतकी शुद्ध नसतात. ती थोडा हिरवा प्रकाशही परत फेकतात आणि सुतावरचा हिरवा रंग त्या थोडक्या अंशावर उभा असतो.

सासमध्ये मल्टिप्लाय तयार मिळत नाही. प्रत्येक स्थानचा आकडा काढून गुणाकार करणारे फंक्शन स्वतः लिहावे लागते आणि ते चार-पाच ओळींचे काम आहे. तिसरा मार्ग रंगचक्रावरून जाण्याचा. डार्ट सास या सासच्या मुख्य रूपाच्या, २०२४ मध्ये आलेल्या १.७९ या आवृत्तीपासून कलर.मिक्सला (मिक्सचेच नवे नाव) ‘मेथड’ हे नाव देऊन कोणत्या रंगावकाशात, म्हणजे रंग आकड्यांत मांडण्याच्या कोणत्या पद्धतीत, मिश्रण करायचे ते सांगता येते. तेथे ओकेएलसीएच हे रंगचक्रावर आधारलेले रंगावकाश निवडल्यास निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा प्रवास राखाडीतून न होता चक्राच्या कडेने होतो आणि वाटेत हिरवट-निळसर छटा लागतात. शुद्ध रंग घेतले, तर मधला रंग साध्या पडद्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि ब्राउझर त्याला जवळच्या रंगावर आणून बसवतो, एवढे ध्यानात ठेवावे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर आमचे मत असे की, आपल्याला बटणासाठी हिरवा हवा असेल, तर डोळ्यांना पटेल असा हिरवा निवडून तो एका व्हेरिएबलमध्ये ठेवावा. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा हव्या असतात तेथे मिश्रणाची फंक्शने उत्तम काम देतात. नवा रंग शोधून देणे हे त्यांचे काम नव्हे.

प्रश्न: मी पूर्व भागात जॅकार्ड मागासाठी नक्षी काढून देण्याचे काम करतो आणि आता वेबसाइटचे डिझाइन शिकत आहे. उभे धागे लाल आणि आडवे पांढरे असलेली चादर लांबून गुलाबी दिसते. तोच गुलाबी स्टाइलशीटमध्ये आणण्यासाठी लाल व पांढरा निम्मे-निम्मे मिसळले, पण मिळालेला रंग चादरीपेक्षा बराच गडद वाटतो. असे का होते?

उत्तर: हा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण विणकामाची नजर असल्याखेरीज तो सुचला नसता. शेजारशेजारचे बारीक धागे लांबून पाहिले, की डोळा त्यांना वेगळे करू शकत नाही आणि दोहोंकडून येणाऱ्या प्रकाशाची सरासरी पाहतो. म्हणजे आधीच्या पत्रातील रंगणी गुणाकाराची आणि आपली विणाई सरासरीची. मग मिक्सही सरासरीच काढत असताना उत्तर जुळत नाही, याचे कारण पडद्याच्या आकड्यांत आहे.

० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ या आकड्याला पडदा निम्मा प्रकाश देत नाही, सुमारे २२ टक्केच देतो. आपल्या डोळ्यांना अंधाऱ्या छटांमधील फरक अधिक बारकाईने कळतो आणि ही मोजपट्टी त्याला सोयीची अशी वक्र ठेवलेली आहे. मिक्स हे फंक्शन या वक्र मोजपट्टीवरच्या आकड्यांची सरासरी काढते. लाल (२५५, ०, ०) आणि पांढरा (२५५, २५५, २५५) यांच्यापासून ते (२५५, १२८, १२८) देते. आपल्या डोळ्याने चादरीवर केलेली सरासरी मात्र प्रत्यक्ष प्रकाशाची असते. निम्म्या प्रकाशाला या मोजपट्टीवर १८८ हा आकडा लागतो, म्हणून चादरीचा गुलाबी (२५५, १८८, १८८) च्या आसपास असतो. अर्थात धाग्याची चमक, पीळ आणि विणीतील सावल्या यांनी त्यात थोडाफार फरक पडतोच. शिवाय आपल्या नक्षीत लाल धागा वर किती वेळा येतो आणि पांढरा किती वेळा, त्यानुसार निम्म्याचे प्रमाणही बदलावे लागेल. ते आपण आमच्यापेक्षा चांगले जाणता.

हे गणित हाताने करण्याची गरज नाही. डार्ट सासच्या नव्या आवृत्तीत कलर.मिक्सला मेथड म्हणून ‘एसआरजीबी-लिनिअर’ द्यावे. ब्राउझरमधील कलर-मिक्स या फंक्शनलाही हेच रंगावकाश चालते. मेथड न देता सासचे मिक्स वापरले, तर ते जुन्या पद्धतीची वक्र सरासरीच काढते, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या स्टाइलशीट बिघडत नाहीत.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. प्रकाशाची खरी सरासरी भौतिकदृष्ट्या बरोबर असली, तरी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत समान वाटणाऱ्या पायऱ्या हव्या असतील, तर ती उपयोगाची नाही, कारण मधल्या पायऱ्या डोळ्यांना फारच फिक्या वाटतात. अशा कामासाठी ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेले ओकेलॅब हे रंगावकाश अधिक चांगले. त्यातील अंतरे मानवी डोळ्याला जाणवणाऱ्या फरकांशी बऱ्यापैकी जुळवलेली आहेत. ओकेएलसीएच हे त्याचेच रंगचक्राच्या रूपात मांडलेले भावंड.

प्रश्न: मिक्समध्ये लिहिलेली टक्केवारी पहिल्या रंगाची की दुसऱ्या? दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर: पहिल्या रंगाची. सास आणि लेस या दोन्हींत तसेच आहे. आधी गडद निळा, मग पांढरा आणि शेवटी २० टक्के असे लिहिले, तर निळा २० आणि पांढरा ८० टक्के घेतला जातो. वर उल्लेखिलेल्या निळ्यापासून (२०८, २१६, २३२) अशी फिकट पार्श्वभूमी त्यातून मिळते. टक्केवारी लिहिलीच नाही, तर ५० धरली जाते. गोंधळ बहुधा लेसमधील टिंट आणि शेड यांच्यामुळे होत असावा, कारण त्यांत दिलेली टक्केवारी अनुक्रमे पांढऱ्याची व काळ्याची असते. टिंटला ८० दिले, की मिक्सला वरीलप्रमाणे २० दिल्यासारखेच होते. ब्राउझरच्या कलर-मिक्समध्ये टक्केवारी थेट रंगाच्या शेजारी लिहायची असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि आम्हाला ती पद्धत अधिक पसंत आहे.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. लाइटन आणि डार्कन ही फंक्शने आता वापरू नयेत अशी सूचना सास दाखवू लागले आहे. इतकी वर्षे सर्वजण वापरत असलेली फंक्शने अचानक चुकीची कशी ठरली? पांढरा मिसळणे आणि लाइटन करणे यांत काय फरक आहे?

उत्तर: ती अचानक चुकीची ठरलेली नाहीत. त्यांची खोड पहिल्यापासूनची आहे, तिची औपचारिक दखल मात्र १.७९ या आवृत्तीत घेतली गेली. लाइटन हे फंक्शन रंगाला छटा, संपृक्तता आणि उजळपणा अशा एचएसएल या मांडणीत नेते व उजळपणाच्या आकड्यात आपण सांगितलेले अंक मिळवते. येथे टक्के म्हणजे प्रमाण नसते, सरळ बेरीज असते. वरच्या हळदी पिवळ्याचा उजळपणा सुमारे ५३ आहे. ‘५० टक्क्यांनी उजळ’ असे म्हणताच तो १०० च्या पुढे जातो, तेथे छाटला जातो आणि पिवळ्याचा पांढराफटक होतो. त्याऐवजी कलर.स्केल वापरले, तर उरलेल्या अंतराच्या ५० टक्के, म्हणजे ५३ पासून १०० पर्यंतचे निम्मे अंतर चालून रंग साधारण ७६.५ वर थांबतो. बहुतेकांच्या मनात हाच अर्थ असतो. लाइटनचे नेमके जुने वर्तनच हवे असेल, तर कलर.अ‍ॅडजस्ट वापरावे.

पांढरा मिसळण्यातील फरक आकड्यांवरून स्पष्ट होईल. पहिल्या पत्रातील गडद निळा लाइटनने ३० अंकांनी उजळला, तर (८३, १३२, २३०) असा झळझळीत निळा मिळतो. त्यात ४० टक्के पांढरा मिसळला, तर (११४, १३८, १८६) असा धुवट निळा मिळतो. दोहोंचा उजळपणा जवळपास सारखाच, सुमारे ६० आहे. परंतु पहिल्यात संपृक्तता ७५ टक्के तशीच राहते, तर दुसऱ्यात ती ३४ टक्क्यांवर येते. पृष्ठभागाच्या फिकट छटांसाठी धुवट रंग शोभतो. बटणावर पॉइंटर आल्यावर ते उठून दिसावे असे वाटत असेल, तर पहिला.

याहून मोठी अडचण एचएसएलच्या उजळपणातच आहे. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा या दोहोंचा उजळपणा ती मांडणी ५० सांगते. प्रत्यक्षात पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ८.५९ ला १ भरतो आणि पिवळ्या अक्षरांचा १.०७ ला १, म्हणजे अक्षरे दिसतच नाहीत. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट आवश्यक मानला जातो. त्यामुळे ‘उजळपणा अमुक अंकांहून अधिक असेल, तर काळी अक्षरे, नाहीतर पांढरी’ असा नियम लाइटनेस फंक्शनच्या आधारे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सावध राहावे. असा नियम लिहायचाच असेल, तर सापेक्ष दीप्ती काढून लिहावा. तिच्यात रेषीय केलेल्या, म्हणजे वक्र मोजपट्टीवरून प्रत्यक्ष प्रमाणात आणलेल्या, लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाला अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ इतके वजन असते.

प्रश्न: अर्धपारदर्शक लाल आणि अपारदर्शक निळा निम्मे-निम्मे मिसळले. सासने (६४, ०, १९१) दिला आणि ब्राउझरच्या कलर-मिक्सने (८५, ०, १७०). पारदर्शकता दोन्हीकडे ०.७५ आहे. यातील खरा रंग कोणता?

उत्तर: दोन्ही आपापल्या नियमाने खरे आहेत. सासचे मूळ मिक्स पारदर्शकतेतील फरक पाहून वजनच बदलते. आपल्या उदाहरणात लालाचे वजन निम्म्यावरून पाव होते. ब्राउझर आधी प्रत्येक रंग त्याच्या पारदर्शकतेने गुणतो, मग सरासरी काढतो आणि शेवटी एकूण पारदर्शकतेने भागतो. त्यात लालाचा वाटा एक तृतीयांश येतो. एकाच वेबसाइटवर दोन्ही वापरायचे असतील, तर पारदर्शक रंग मिसळूच नयेत. आधी अपारदर्शक रंग मिसळावेत आणि पारदर्शकता नंतर द्यावी, म्हणजे उत्तर सगळीकडे सारखे येईल.

प्रश्न: सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या काळात आमच्या दुकानाच्या वेबसाइटचा मुख्य रंग बदलावा आणि यात्रा संपली की पूर्ववत व्हावा, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी मुख्य रंग ब्राउझरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, पण तो सासच्या मिक्सला दिला की ‘हा रंग नाही’ अशी तक्रार येते.

उत्तर: सासचे काम आपल्या संगणकावर, फाइल कंपाइल होताना, म्हणजे तिचे सीएसएसमध्ये रूपांतर होताना, संपते. त्या वेळी ब्राउझर अस्तित्वातच नसतो, त्यामुळे व्हार या शब्दाने सुरू होणारा मजकूर सासच्या दृष्टीने नुसती अक्षरे असतात. त्याच्या आत जानेवारीत कोणता रंग असेल आणि फेब्रुवारीत कोणता, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्या रंगाचा निर्णय पान उघडल्यावर व्हायचा आहे, त्याचे मिश्रणही ब्राउझरनेच करायला हवे. त्यासाठी सीएसएसमधील कलर-मिक्स हे फंक्शन वापरावे. क्रोमच्या १११, सफारीच्या १६.२ आणि फायरफॉक्सच्या ११३ या आवृत्त्यांपासून, म्हणजे २०२३ च्या मध्यापासून ते प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. सास त्याला हात न लावता जसेच्या तसे पुढे जाऊ देते. ‘इन ओकेलॅब’ असे लिहून पुढे व्हेरिएबल, मग टक्केवारी आणि मग पांढरा असे दिले, की मुख्य रंग बदलताच त्याच्या सर्व छटा आपोआप बदलतात.

जुन्या मोबाइलवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक खाचखळगा मुद्दाम सांगतो. एरवी आपण आधी साधा रंग लिहितो, खालच्या ओळीत नवे फंक्शन लिहितो आणि ज्या ब्राउझरला ते कळत नाही, तो खालची ओळ सोडून वरची वापरतो. परंतु खालच्या ओळीत व्हेरिएबल असेल, तर ही युक्ती फसते. व्हेरिएबल दिसताच जुना ब्राउझर ती ओळ तात्पुरती ग्राह्य धरतो आणि वरची ओळ रद्द करतो. प्रत्यक्ष रंग काढण्याच्या वेळी त्याला फंक्शन समजत नाही, पण तोवर वरची ओळ गेलेली असते. परिणामी पार्श्वभूमीला काहीच रंग मिळत नाही. म्हणून साधा रंग बाहेर लिहावा आणि कलर-मिक्सची ओळ, ब्राउझरला ते फंक्शन कळते का हे तपासणाऱ्या ‘सपोर्ट्स’ या अटीच्या कंसात ठेवावी. साधा रंग सासच्या मिक्सनेच आधी काढून ठेवला, तर दोन्ही साधने आपापल्या जागी कामाला येतात.

प्रश्न: पांढऱ्या टेबलावर काढलेल्या चादरीच्या छायाचित्रावर लेसमधील मल्टिप्लाय वापरून निळी झाक देता येईल का?

उत्तर: येणार नाही, कारण ते फंक्शन दोन रंग घेते आणि एक रंग देते. छायाचित्रातील लाखो ठिपके त्याला दिसत नाहीत. छायाचित्रासाठी ब्राउझरचे बॅकग्राउंड-ब्लेंड-मोड वापरावे. एकाच घटकाला छायाचित्र आणि निळा असे दोन थर पार्श्वभूमी म्हणून देऊन मल्टिप्लाय सांगितले, की टेबलाचा पांढरा भाग पूर्ण निळा होतो आणि चादरीचे गडद धागे गडदच राहतात. छायाचित्र स्वतंत्र घटक असेल, तर मिक्स-ब्लेंड-मोड लागते, पण ते मागे असेल त्या प्रत्येक गोष्टीत मिसळते, पानाच्या पार्श्वभूमीतसुद्धा. त्याला आवर घालण्यासाठी बाहेरच्या घटकाला ‘आयसोलेशन’ हा गुणधर्म ‘आयसोलेट’ या मूल्यासह द्यावा. ग्राहकाने खरेदीपूर्वी पाहायच्या छायाचित्राला मात्र अशी झाक देऊ नये. रंग वेगळा निघाला म्हणून परत येणारी चादर कोणत्याही फंक्शनला सावरता येत नाही.